घर जुनं, वायरिंगही जुनं!

इलेक्ट्रिकल शाखेला प्रवेश घेतला की घरच्यांच्या दृष्टीने आपण पहिल्याच दिवशी वायरमन होतो. सुट्टीत घरी गेलं की आई फॅन दाखवते, काका मोटार दाखवतात आणि एखादी मावशी हमखास सांगते, "अरे, मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येतात, बघ ना जरा!" त्यावर घरातलंच कोणीतरी अनुभवी माणूस उपाय सुचवतं, "चप्पल घालून लावत जा." विषय संपला!

गंमत म्हणजे आपण इथे ४०० के.व्ही.च्या लाइनवरचा फॉल्ट करंट काढतो, सिमेट्रिकल काँपोनंट्स पाठ करतो, पण घरातल्या या चपलेच्या उपायाला आपल्याकडे उत्तर नसतं. कारण हा भाग सिलॅबसमध्ये कुठे एका ठिकाणी नाही. तुकड्या-तुकड्यांत तो पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलपासून शेवटच्या वर्षाच्या प्रोटेक्शनपर्यंत पसरलेला आहे. ते तुकडे जोडून बघायचा हा प्रयत्न. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचावा. शॉक ब्रँच विचारून बसत नाही!

लोड वाढला, वायर तीच

वाडा असो, चाळ असो किंवा गावाकडचं माळवदाचं घर, त्यात वीज आली तेव्हा तिला काम किती होतं? साठ वॅटचे चार बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. बेरीज करा, सव्वातीनशे वॅटच्या आत. २३० व्होल्टने भागलं की करंट आला साधारण १.४ अँपिअर. त्या हिशेबाने वायरमनने वायर टाकली. जुने वायरमन अजूनही 'वन-एटीन', 'थ्री-ट्वेंटीटू' असं बोलतात ना, ती त्या काळची मापं. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा तारेचा गेज. या दोन्ही वायरींचं क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर भरतं.

आता त्याच घरात काय आहे ते मोजा. गिझर २००० वॅट, एसी १५०० वॅट, इस्त्री १००० वॅट, मिक्सर ५०० वॅट. सकाळच्या घाईत हे सगळं एकदम चालू झालं तर ५००० वॅट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. मीटरपासून आत येणारी वायर बदलली नसेल तर तिच्यातला करंट साडेपंधरा पट झाला. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात! आय स्क्वेअर आर. साडेपंधराचा वर्ग केला तर उत्तर दोनशे चाळीसच्या वर जातं. म्हणजे आजोबांच्या काळी त्या वायरीत जेवढी उष्णता तयार व्हायची, तिच्या दोनशे चाळीस पट आज होते. हे समीकरण आपण सगळ्यांनी बारावीला लिहून मार्क मिळवलेत, फक्त स्वतःच्या घरावर ते कधी लावून बघितलेलं नसतं.

त्यात भर इन्सुलेशनची. जुन्या घरात वायरिंगचे थर सापडतात, अगदी उत्खननासारखे. सगळ्यात जुना थर लाकडी केसिंग-कॅपिंगचा. लाकडी खाचेत दोन वायरी आणि वरून लाकडाचीच पट्टी. त्यानंतर लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली काळी रबरी वायर. त्यानंतर पीव्हीसी वायर, आधी पट्टीवर आणि मग पाइपात. रबर उष्णतेने आणि वयाने वाळतं, कडक होतं, वायर जरा वाकवली की त्याचे तुकडे पडतात. पीव्हीसी त्यापेक्षा बरं, पण साध्या पीव्हीसी वायरीचं तापमान ७० अंशांच्या आत राहायला हवं. सतत ओव्हरलोड झालं तर तेही ठिसूळ होतं. उरलेलं काम उंदीर करतात. आणि हे सगळं कुठे चाललेलं असतं? तर सुकलेल्या सागवानी लाकडाला चिकटून. वाड्यांना लागणाऱ्या आगींमध्ये 'शॉर्टसर्किट' हा शब्द इतक्या वेळा का येतो, ते यावरून कळतं.

भिंतीतलं सोल्डरिंग आयर्न

पण खरी गंमत अशी, की बऱ्याचदा आग लागायला शॉर्टसर्किटची गरजच नसते. एक ढिला जॉइंट पुरतो.

असं समजा, गिझरच्या सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला आहे आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला. गिझर ओढतो म्हणून १५ अँपिअर धरू. व्होल्टेज ड्रॉप किती? दीड व्होल्ट. २३० मधले दीड व्होल्ट गेले तर कोणाला कळतं? पाणी तसंच तापणार. फ्यूज उडणार नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. एमसीबी पडणार नाही, तेही त्याच कारणाने. पण त्या एका स्क्रूच्या जागी पॉवर किती खर्च होते? १५ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे २२.५ वॅट. आता आठवा, लॅबमध्ये आपण सोल्डरिंग आयर्न कितीचं वापरतो? २५ वॅटचं! म्हणजे भिंतीतल्या बंद लाकडी पेटीत तुम्ही एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवलंत आणि अंघोळीला गेलात. तापलं की स्क्रूवर ऑक्साइड चढतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणखी तापतं. हे चक्र थांबवणारं काहीही त्या सर्किटमध्ये नाही.

ॲल्युमिनियमच्या वायरी असलेल्या घरांत हा प्रकार जास्त. तांब्याऐवजी स्वस्त म्हणून एका काळात घरोघरी ॲल्युमिनियम वापरलं गेलं. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय ते मऊ. स्क्रूखाली दाबून ठेवलं की हळूहळू पसरतं आणि घट्ट केलेला स्क्रू आपोआप ढिला पडतो. मटेरियल सायन्समध्ये 'क्रीप' शिकलो ते हेच. वर कोणी त्याला सरळ तांब्याची वायर पिळून टेप गुंडाळली असेल, तर ओल लागल्यावर दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो.

ओळखायचं कसं? आपलं शरीर हे उत्तम मीटर आहे. सॉकेटमध्ये प्लग बसवल्यावर चरचर आवाज येणे, प्लगची पिन गरम लागणे, बोर्डाचा रंग पिवळट-तपकिरी होणे, मासळी जळाल्यासारखा उग्र वास येणे, गिझर लावला की खोलीतला दिवा लुकलुकणे. यातलं एकही लक्षण दिसलं तर ते सॉकेट त्याच क्षणापासून बंद. 'चालतंय तोवर चालू दे' हे इथे चालत नाही.

फ्यूजमधली तार

जुन्या घरात मीटरखाली चिनीमातीचे पांढरे कट-आउट असतात. त्यांनाच आपण किटकॅट म्हणतो. बिचारा हा फ्यूज अत्यंत प्रामाणिक आहे. त्याला स्वतःला जाळून घर वाचवायचं असतं. पण आपण त्याला जळूच देत नाही.

फ्यूज वारंवार उडायला लागला की घरातला कर्ता पुरुष काय करतो? वायरीच्या तुकड्यातली तार काढतो आणि फ्यूजमध्ये बांधतो. 'आता बघू कशी उडते!' नाही उडत, हे खरं. किती उडत नाही ते बघू. तांब्याची तार किती करंटला वितळते याचं एक जुनं सूत्र आहे, प्रीसचं. तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा दीड घात करायचा आणि ८० ने गुणायचं. ५ अँपिअरच्या फ्यूजसाठी ०.२ मिलिमीटरची तार वापरतात. सूत्रात घाला, साधारण ७ अँपिअरला वितळते. ठीक. आता त्याऐवजी १ मिलिमीटर जाडीची तार बांधली तर? एकाचा कितीही घात केला तरी एकच. उत्तर सरळ ८० अँपिअर! आणि भिंतीतली वायर झेपवते जेमतेम १०-१२ अँपिअर. म्हणजे आधी वायर जळेल, मग लाकडी पट्टी, मग छप्पर, आणि फ्यूज मात्र शाबूत राहील. फ्यूजची जागा वायरीने घेतली, असंच म्हणायचं.

"आम्ही एमसीबी बसवलाय" म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवला, हा त्याच चुकीचा सुधारित अवतार. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. एमसीबी हा गिझरच्या किंवा एसीच्या रक्षणासाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर न बदलता एमसीबी मोठा करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरच बदलणं.

तिसरं छिद्र आणि चप्पल

आता मावशीच्या मिक्सरकडे येऊ. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का, हा व्हायवाचा आवडता प्रश्न. लांब अशासाठी की अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा. जाड अशासाठी की ती फेजच्या छिद्रात शिरूच नये. उत्तर बरोबर, मार्क मिळाले. पण घरच्या सॉकेटमध्ये त्या तिसऱ्या छिद्रामागे वायर आहे का? जुन्या घरात बऱ्याचदा नसते. सॉकेट बदलताना टू-पिन काढून थ्री-पिन बसवलं, पण भिंतीत मुळात दोनच वायरी! तिसरं छिद्र केवळ शोभेला. काही महाभाग तर तिथून न्यूट्रलला वायरीचा तुकडा जोडून देतात. हा सर्वांत वाईट प्रकार, कारण न्यूट्रल कुठे तुटलं की फ्रीजच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात.

होस्टेलमध्ये ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, त्यांना कॅबिनेटला हात लावल्यावर कधीतरी झिणझिण्या आल्या असतील. त्याचं कारण सुंदर आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर प्रश्न नाही. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा, एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणून माणूस मरत नाही. पण ही झिणझिणी म्हणजे 'या सॉकेटला अर्थिंग नाही' असं वीज स्वतः सांगत असते. आज कपॅसिटरमधून आली, उद्या फाटक्या इन्सुलेशनमधून आली तर तोच रस्ता मोकळा आहे.

आणि चप्पल? रबरी चप्पल कोरडी असेल तर पायाखालचा रस्ता बंद करते, हे खरं. पण दुसरा हात बेसिनच्या नळावर असेल तर करंट पायाकडे जाईलच कशाला? एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जाईल, वाटेत हृदय आहे. ओल्या हातांनी शरीराचा रेझिस्टन्स १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात 'विजेने ओढून धरलं', ते याच कारणाने. त्याच्या काही पट करंट क्षणभर जास्त टिकला तर हृदयाची लय बिघडते.

विदर्भातल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला अनवाणी उभी असलेली घरातली बाई किंवा लहान मूल. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ती बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. का, ते पुढे येतंच.

अर्थिंग आहे, तरीही...

"आमच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा-मीठ घातलेला." उत्तम. पण एक गणित करून बघा. खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे आणि डीपीजवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५ ओहम. वॉशिंग मशीनच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली. करंट किती? २३० भागिले १५, म्हणजे १५.३ अँपिअर. एमसीबी आहे १६ चा. पडणार नाही! आणि बॉडीवर व्होल्टेज किती? १५.३ गुणिले १०, म्हणजे १५३ व्होल्ट. अर्थिंग असूनही मशीनच्या अंगावर १५३ व्होल्ट आरामात बसलेत. साडेतीन किलोवॅट मातीत जिरतायत, दिवसाला ८४ युनिट बिल वाढतंय, आणि घरात कोणाला पत्ता नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि परिस्थिती आणखी बिघडते. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला सांगतात. पण नुसत्या पाण्याने भागत नाही. इथे दुसरं उपकरण लागतं, ते म्हणजे आरसीसीबी.

आरसीसीबीची कल्पना इतकी साधी आहे की मला ती नेहमीच आवडते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच चुंबकीय गाभ्यातून जातात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा असेल तर त्यांचं फ्लक्स एकमेकांना खाऊन टाकतं, बेरीज शून्य. गेले पाच अँपिअर आणि परत आले त्यापेक्षा ३० मिलिअँपिअर कमी, म्हणजे तेवढे कुठेतरी भलत्या वाटेने गेले. कदाचित माणसाच्या अंगातून. मग गाभ्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत व्होल्टेज येतं आणि सर्किट तुटतं. ३० मिलिअँपिअर गळतीला ०.३ सेकंदांच्या आत, आणि गळती मोठी असेल तर ०.०४ सेकंदात. हृदयाच्या एका ठोक्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आत!

त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलंत तर तो काही करणार नाही, त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. साधा आरसीसीबी ओव्हरलोडही बघत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा हवाच. इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशीन असतील तर 'ए' प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. आणि त्यावरचं 'टी' लिहिलेलं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आतून अडकू शकते.

जुन्या घरात एक प्रकार हमखास घडतो. आरसीसीबी बसवला की तो लगेच पडतो, पुन्हा चढवला की पुन्हा पडतो. मग वायरमन म्हणतो, "तुमच्या घरात हे चालत नाही," आणि बायपास करून जातो. अहो, तो पडतोय म्हणजेच तो काम करतोय! एक तर कुठेतरी खरंच गळती आहे, नाहीतर एका खोलीचं न्यूट्रल दुसऱ्या मीटरच्या किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेलं आहे. दोन्ही गोष्टी शोधून काढायच्या असतात. ५०० व्होल्टचा मेगर लावून एकेक सर्किट तपासलं की दोषी सापडतो. इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान १ मेगाओहम तरी हवा.

न्यूट्रलच्या तीन खोड्या

पहिली खोडी: बटण न्यूट्रलमध्ये. जुन्या घरात सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ हा संकेत कोणी पाळलेलाच नाही. त्यामुळे कुठल्या तरी बोर्डावर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. बटण बंद केलं की बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच जिवंत. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला शॉक बसतो आणि शॉकपेक्षा खाली पडून जास्त लागतं. कूलरचा प्लग काढायला सांगितलं ते याचसाठी.

दुसरी खोडी: न्यूट्रलमध्ये फ्यूज. जुन्या बोर्डावर दोन कट-आउट शेजारी-शेजारी दिसतात, एक फेजचा, एक न्यूट्रलचा. न्यूट्रलचा उडाला तर सगळं घर बंद. लोक समजतात 'लाइट गेली', आणि बिनधास्त वायरींना हात घालतात. प्रत्यक्षात फेज आत आलेलीच असते. इतकंच नाही, चालू राहिलेल्या बल्बमधून ती न्यूट्रलच्या वायरीवरही येऊन बसते. म्हणून न्यूट्रलमध्ये फ्यूज नको, तिथे साधी लिंक हवी. आणि मेन स्विच फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा हवा.

तिसरी खोडी: न्यूट्रल तुटणं. चाळीला किंवा वाड्याला थ्री-फेज येतं आणि खोल्या तीन फेजवर वाटलेल्या असतात, न्यूट्रल मात्र सगळ्यांचं सामाईक. ते मेनजवळ तुटलं तर? तुमच्या खोलीत १०० वॅटचा टीव्ही आहे, शेजाऱ्यांच्या दुसऱ्या फेजवर २००० वॅटचा गिझर. आता हे दोघे ४०० व्होल्टवर सीरिजमध्ये आले. टीव्हीचा रेझिस्टन्स ५२९ ओहम, गिझरचा साधारण २६. वाटणी केली की टीव्हीच्या वाट्याला ३८० व्होल्ट! एकाच वेळी सगळ्या चाळीतले टीव्ही जळाले, असे किस्से आपण ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. दिवे अचानक जास्त प्रखर झाले आणि शेजारच्यांचे मंद झाले, तर विचार न करता मेन पाडा.

कपड्यांची तार

आतापर्यंत घराच्या आतलं बोललो. पण सर्वांत साधी आणि सर्वांत जीवघेणी गोष्ट घराबाहेर असते. ती म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार.

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून घरात शिरते. वाऱ्याने ती हलते, पत्र्यावर घासते. तिचं आवरण झिजायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पत्रा लोखंडी अँगलवर, अँगलला कपड्यांची तार. कोरड्या दिवसांत काही होत नाही. पहिल्या पावसात सगळं ओलं होतं आणि तार जिवंत होते.

आमच्या गल्लीत २०१९ च्या पावसाळ्यात हेच झालं. सकाळी ओला टॉवेल टाकायला गेलेल्या काकू तारेला चिकटल्या. त्यांना सोडवायला मुलगा धावला, त्याने आईला धरलं आणि तोही चिकटला. शेजारच्या आजोबांनी आरडाओरडा न करता आधी मीटरजवळचा मेन ओढला, पण करंट मेनच्या अलीकडून, सर्व्हिस वायरीतूनच येत होता. मग त्यांनी कोरड्या वासाने मुलाला ढकललं. मुलगा वाचला, काकू गेल्या. त्या घरात ना एसी होता, ना गिझर. दोन बल्ब, एक पंखा आणि टीव्ही. 'आमच्याकडे कुठे एवढा लोड आहे' असं म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच हे सांगतो. आणि इथे घरातला आरसीसीबीही उपयोगी पडला नसता, कारण बिघाड त्याच्याही आधी होता. इथे उपयोगी पडली असती ती पन्नास रुपयांची नायलॉनची दोरी.

तेव्हा नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायर पत्र्याला टेकत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. स्वतः काठीने वायर बाजूला करण्याचा पराक्रम नको.

पैसे कोणी घालायचे?

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पूर्ण वायरिंग बदला, झालं! पण खरी अडचण तिथेच आहे. पागडीच्या वाड्यात भाडं इतकं जुनं असतं की मालक म्हणतो, मी का घालू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी का घालू? आपल्यातले बरेच जण होस्टेल सोडून अशाच वाड्यांत कॉट बेसिसवर राहायला जातात. एका खोलीत चार जण, चार लॅपटॉप, एक इंडक्शन शेगडी, बादलीत पाणी तापवायचा रॉड, आणि हे सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर. खोली बघायला जाल तेव्हा वाय-फाय आणि पाण्याची वेळ विचारताच, तसं 'आरसीसीबी आहे का' हेही विचारा.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवावा. आधी कपड्यांची तार बदलणे आणि काळे पडलेले सॉकेट काढून टाकणे, याला जवळजवळ खर्चच नाही. मग मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य क्षमतेचे एमसीबी. एका साध्या मोबाईलपेक्षाही कमी पैशात हे होतं आणि घरात अर्थिंग नसलं तरी माणसाला वाचवायचं काम आरसीसीबी करतो. मग अर्थिंगचा खड्डा आणि स्वयंपाकघर-बाथरूमपर्यंत तिसरी वायर. मग गिझर-एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर. आणि जमेल तेव्हा एकेक खोली करत उरलेलं. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं आणि नंतर मेगर व अर्थचं रीडिंग त्याच्याकडून लिहून घ्यावं.

इतकं होऊनही शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी वीज तोडायची. तोडता येत नसेल तर कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून त्याला बाजूला करायचं, आपण कोरड्या जागी उभं राहून. तार रस्त्यावरच्या लाइनची असेल तर जवळही जायचं नाही. मग १०८ किंवा ११२ ला फोन. श्वास चालू नसेल तर वाट न बघता छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब द्यायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. आणि शॉक बसलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणाला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचं, हृदयाची तक्रार नंतरही उद्भवू शकते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक अर्धा तास काढा. काहीही न उघडता फक्त बघत फिरा. फ्यूजमध्ये कुठली तार आहे, कुठलं सॉकेट काळं पडलंय, सर्व्हिस वायर कशाला टेकते, कपड्यांची दोरी कशाची आहे. एका कागदावर लिहा आणि वडिलांना दाखवा. ते म्हणतील, "तीस वर्षं काही झालं नाही." तेव्हा वाद घालू नका. दोनशे चाळीस पटीचं गणित त्याच कागदाच्या मागे करून दाखवा. इंजिनिअरिंगची फी भरलेली असते, निदान तेवढ्यासाठी तरी ते ऐकून घेतील.